पाऊस लागला की पिच लावायचं: सहा इंची आरसा हाताने पॉलिश करताना

साताऱ्यात जूनचा दुसरा आठवडा उलटला की दुर्बीण बाहेर काढण्यात अर्थ नसतो. यवतेश्वर ढगात, अजिंक्यतारा ढगात. सप्टेंबर सरेपर्यंत चंद्र दिसला तरी नशीब म्हणायचं. दुर्बिणीचा आरसा पॉलिश करायचा तो याच महिन्यांत. मी माझा पहिला आरसा मे महिन्यात करायला घेतला आणि पस्तावलो, म्हणून हे आधीच सांगून टाकतो.

सगळं पिचपाशी येऊन थांबतं. पिच म्हणजे डांबरासारखा पदार्थ; तबकडीवर त्याचा थर ओतला की लॅप होतो, आणि त्या लॅपवर सेरियम ऑक्साईडची बारीक पूड लावून आरसा चकचकीत करतात. पिच दिसायला काळपट, घट्ट, चिक्कीसारखं. हातोडीने ठोकलं तर तुकडे उडतात. पण ते द्रवच आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात १९२७ साली नरसाळ्यात भरून ठेवलेल्या पिचचे २०१४ पर्यंत जेमतेम नऊ थेंब पडले. आपलं पिच त्याच्यापेक्षा पुष्कळ मऊ असतं, पण स्वभाव तोच. झटका दिला की काचेसारखं वागतं, हळू दाबत राहिलं की काकवीसारखं वाहतं. म्हणून ते आरशाचा आकार हुबेहूब घेतं आणि सेरियमचे कण स्वतःत रुतवून धरतं. न्यूटननेही त्याचा धातूचा आरसा पिचवरच चकचकीत केला होता.

आता हे वाहणं तापमानावर ठरतं. मे महिन्यात माझ्या खोलीत सकाळी २५ अंश असायचे आणि दुपारी ३६. सकाळी नीट चालणारं पिच दुपारी पसरायला लागायचं. पावसाळ्यात त्याच खोलीत दिवसरात्र २३ ते २६. शिवाय हवेत धूळ नाही, सेरियम पटकन वाळत नाही, आणि आकाश बंद असल्यामुळे जीवही तळमळत नाही. थंड देशांतल्या लोकांनी लिहिलेल्या पिचच्या कृती आपल्याकडे जशाच्या तशा चालत नाहीत, त्याचंही कारण हेच. सांगलीत माझा एक मित्र आहे. त्याने मागवलेलं पिच एप्रिलमध्ये डब्यातच कडेला कललं होतं.

सुरू करण्याआधी

आरसा घासून झालाय असं मी धरून चालतो: ८० नंबरच्या कार्बोरंडमपासून पायरीपायरीने ५ मायक्रॉनच्या ॲल्युमिनापर्यंत. उदाहरणाला माझाच आरसा घेऊ. व्यास १५० मिलिमीटर, १९ मिलिमीटर जाडीची साधी काच, नाभीय अंतर १२०० मिलिमीटर. म्हणजे वक्रतेची त्रिज्या २४०० आणि मध्यावरची खोली १.१७ मिलिमीटर. सुरुवातीला यापेक्षा मोठा किंवा जास्त खोल आरसा घेऊ नका. दहा इंचीचा मोह सगळ्यांनाच होतो. माझ्या माहितीतल्या दोघांचे दहा इंची आरसे पलंगाखाली आहेत.

पॉलिशला बसण्याआधी दोन गोष्टी तपासायच्या. एक, आरशाची कड. तिथे दीड-दोन मिलिमीटरचा उतार शिल्लक हवा. घासताना तो कमी होत जातो. संपत आला असेल तर धार लावायच्या बारीक दगडाने पाण्याखाली पुन्हा करून घ्या, नाहीतर कडेचा कपचा निघेल आणि तोच कपचा पृष्ठभागावर ओरखडा काढेल. दोन, खड्डे. भिंगातून पाहा, काच उजेडासमोर तिरकी धरून पाहा. मागच्या ग्रिटचा, म्हणजे घासायच्या जाड पुडीचा, एखादा खड्डा राहिला असेल तर एक पायरी मागे जाऊन अर्धा तास जास्त घासा. पिचवर तोच खड्डा घालवायला दिवस जातात. पॉलिशने निघेल असं स्वतःला समजावत बसू नका.

मग खोली धुऊन काढा. ग्रिटचे डबे, जुनी वर्तमानपत्रं, घासताना घातलेला शर्ट, सगळं बाहेर. माझ्या दुसऱ्या आरशावर एक लांब ओरखडा आहे, तो रांगोळीचा. दिवाळीत उंबऱ्यावर रांगोळी काढलेली, मी ती ओलांडून आत आलो आणि हात न धुता काम सुरू केलं. रांगोळी म्हणजे शेवटी दगडाचीच पूड.

पिचचा पाक

ऑप्टिकल पिच विकत मिळतं. गुगोल्झ हे स्विस पिच नंबरावर मिळतं. नंबर जितका मोठा तितकं कडक. थंड हवेत ६४ नंबर चालतो, आपल्याकडे उन्हाळ्यात काम करायचंच असेल तर ७३ किंवा त्याच्या पुढचा. सहा इंची लॅपला पाव किलो पुरतं. रस्त्याचं डांबर वापरून बघू का, असं नव्याने येणारा प्रत्येकजण विचारतो. नका वापरू, त्यात कच असते.

जुन्या, नंतर कधीच स्वयंपाकाला न लागणाऱ्या पातेल्यात, मंद आचेवर, घराबाहेर वितळवा. उकळू द्यायचं नाही. लाकडी काठीने सावकाश ढवळायचं, जोरात घुसळलं तर बुडबुडे धरतात. झाकण हाताशी ठेवा: पेट घेतला तर झाकण टाकायचं आणि गॅस बंद करायचा, पाणी ओतायचं नाही. वितळलेलं पिच कातडीला चिकटून भाजत राहतं, म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे.

आता कडकपणा. ही परीक्षा कशी घ्यायची ते मी वाचलं होतं, पण हातात बसत नव्हतं. आई ओट्यावरून बघत होती. म्हणाली, "अरे, गुळाचा पाक बघतात तसं पाण्यात टाकून बघ की." परीक्षा खरंच तीच आहे. काठीने रुपयाएवढा थेंब पत्र्याच्या तुकड्यावर टाकायचा आणि ज्या खोलीत काम करणार त्या खोलीत ठेवलेल्या पाण्यात तो वीस मिनिटं बुडवून ठेवायचा. पाणी माठातलं नको, नळातून आत्ताच काढलेलंही नको. खोलीच्या तापमानाला आलेलं हवं. मग अंगठ्याचं नख आडवं ठेवून दहा सेकंद चांगलं दाबायचं. पाव इंचाच्या आसपास लांबीची स्वच्छ खूण उमटली की पिच जमलं. नख लोण्यासारखं आत गेलं तर मऊ. खूणच नाही, किंवा थेंब तडकला, तर कडक.

मऊ असेल तर रोझिन घाला, म्हणजे चिडाची राळ. व्हायोलिनच्या गजाला लावतात तीच. थोडी थोडी घालायची, पूर्ण विरघळली की पुन्हा थेंब. कडक असेल तर पातेलं आचेवरून उतरवून, ज्योतीपासून लांब नेऊन, टर्पेंटाईनचे थोडे थेंब. एरंडेल तेलही चालतं. त्याची वाफ टर्पेंटाईनसारखी सहज पेटत नाही, म्हणून मी हल्ली तेच वापरतो. पाच-सहा वेळा थेंब पाहावा लागतो. माझा पहिल्या खेपेचा अख्खा रविवार यात गेला.

लॅप ओतणं

खाली टूल लागतं, म्हणजे पिचला आधार देणारी आरशाएवढी तबकडी. काचेचं नसेल तर प्लॅस्टरचं किंवा दातांचे साचे करायला वापरतात त्या डेंटल स्टोनचं. ते पूर्ण वाळवून इपॉक्सीने बंद केलेलं हवं, नाहीतर पाणी पिऊन फुगतं. टूल कोमट करून कोरडं पुसा, त्यावर टर्पेंटाईनमध्ये पातळ केलेल्या पिचचा हात फिरवा म्हणजे पकड बसते. कडेभोवती ओल्या जाड कागदाची पट्टी गुंडाळून चिकटपट्टीने बांधा, टूलच्या वर सात-आठ मिलिमीटर येईल इतकी.

आरसा दरम्यान कोमट पाण्यात हवा. आधी साधं पाणी, मग हळूहळू गरम मिसळत ४० अंशांपर्यंत. थंड काचेला एकदम गरम पाणी लावलं तर ती तडकते, आणि तो आवाज माणूस विसरत नाही.

पिच काकवीइतकं दाट झालं की मधोमध ओता आणि थांबा. पट्टी काढल्यावर ते जागेवर उभं राहायला हवं, पण बोटाने दाबल्यावर दबायला हवं. या घडीला आरसा पाण्यातून काढा, तोंडावर सेरियम आणि भांडी घासायच्या साबणाचं दाट मिश्रण लावा, पिचवर ठेवा आणि हलवत राहा. हलवायचं थांबलात की चिकटला. दाब बेताचा, हात गोल गोल. दोन-तीन मिनिटांत पिच आरशाचा आकार घेतं. आरसा सरकवतच बाजूला काढा, उचलू नका. एखाद्या भागाला स्पर्श झाला नसेल तर लॅपचं तोंड गरम पाण्यात बुडवून पुन्हा दाबा. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला बसतो. तरीही नाही बसला तर खरवडून परत वितळवा. पिच वाया जात नाही.

आता चर. पिच कोमट असतानाच ॲल्युमिनियमच्या अँगलची ओली कड दाबून चर पाडता येतात. थंड झाल्यावर ओल्या करवतीच्या पात्यानेही कापतात, पण तुकडे उडतात म्हणून ते अंगणात. चौकोन साधारण २५ ते ३० मिलिमीटरचे. यातली मेख एवढीच: लॅपचा मध्य कुठल्याही चौकोनाच्या मध्यावर किंवा दोन चरांच्या फुलीवर येता कामा नये, तो मुद्दाम एका बाजूला सरकवायचा. सगळं समान आखलं तर त्याच त्या वर्तुळांवर पिच घासत राहतं आणि आरशावर कडी उठतात. माणसाला नीटनेटकं आखायची खोड असते, इथे ती सोडावी लागते.

शेवटी मच्छरदाणीचा एक तुकडा ओला करून लॅप आणि आरशाच्या मध्ये ठेवायचा, पाच मिनिटं दाबायचा. प्रत्येक चौकोनावर बारीक जाळी उमटते. सेरियम त्यात धरून राहतं आणि स्पर्शही लवकर बसतो.

दाबून ठेवणं

हा टप्पा सगळे टाळतात. प्रत्येक बैठकीआधी आरसा सेरियम लावून लॅपवर ठेवायचा, वर लाकडी फळी आणि चार-पाच किलो वजन, १५ ते २० मिनिटं. अधूनमधून आरसा जरा सरकवायचा. मग आरशाच्या पाठीमागून, काचेतून खाली बघायचं. जिथे पिच भिडलंय तिथे गडद एकसारखं दिसतं, जिथे नाही तिथे फिकट डाग. डाग असतील तर अजून दहा मिनिटं. फिकट डागांवर पॉलिश केलं तर काच गुळगुळीत होते पण आकार बिघडतो, आणि बिघडलेला आकार नंतर दिवसेंदिवस दुरुस्त करत बसावं लागतं.

आणि रात्री आरसा लॅपवर ठेवून झोपायला जाऊ नका. मे महिन्यात मी तेच केलं. सकाळी चर पार बुजले होते, पिच कडेवरून ओघळलं होतं आणि दोन्ही एकजीव झाले होते. खोलीच्याच तापमानाच्या पाण्यात बुडवून, त्यात पाऊण तास थोडं थोडं गार पाणी मिसळत राहिलो, मग कडेला लाकडाचा ठोकळा लावून आडवे ठोके दिले तेव्हा सुटला. बर्फ लावायची बुद्धी झाली नाही हे नशीब.

हात

पत्र्याचं पिंप, आत दगड किंवा वाळू, वर लॅप तीन खुंट्यांत बसवलेला. पिंपाभोवती फिरता यायला हवं. जागा नसेल तर टेबलही चालतं, पण मग दर काही हातांनी (हात म्हणजे आरशाची एक येजा) लॅप फिरवत राहावं लागतं.

सेरियम दुधाइतकं पातळ. ब्रशने थोडं लावायचं, आरसा वर. दोन्ही तळवे पाठीवर सपाट, बोटं कडेला वाकवायची नाहीत. मध्यावरून मध्यावर पुढे-मागे, एकूण लांबी व्यासाच्या एक तृतीयांश, म्हणजे आपल्याला ५० मिलिमीटर. बाजूला एक-दीड सेंटिमीटर सरक. पाच-सहा हात झाले की एक पाऊल पिंपाभोवती, आणि आरसा स्वतःभोवती उलट दिशेला थोडा. हे फिरणं यांत्रिक सवयीचं व्हायला हवं, कारण ते चुकलं तर आरसा एका बाजूला जास्त घासला जातो आणि तारा कधीच गोल दिसत नाही. घाई नको. सेकंदाला एक येजा भरपूर झाली.

डोळ्यांपेक्षा तळवे लवकर सांगतात. लॅप नीट चालत असला की हाताला एकसारखी, जराशी चिकट ओढ लागते, ताकात रवी फिरते तशी. आरसा सुळकन निसटत असेल तर स्पर्श नाही किंवा पाणी जास्त झालंय. अडकून झटके देत असेल तर वाळलंय किंवा पिच वाहतंय. करकर ऐकू आली तर त्याच क्षणी थांबा, आरसा सरकवून काढा, दोन्ही धुवा. अजून एक हात मारून बघतो, असं म्हणायचं नाही.

वीस मिनिटांत मध्यभागी झिलई दिसते आणि घरचे बघायला येतात. कड शेवटी येते. सहा इंचीला एकूण सहा ते दहा तास धरा, तास-दीड तासाच्या बैठकांत. मी एक बैठक आरसा वर ठेवून, एक लॅप वर ठेवून करतो: आरसा वर असला की मध्य खोल होत जातो, खाली असला की उलट, त्यामुळे दोन्ही एकमेकांना सांभाळतात. पुरतं पॉलिश झालं का, हे लेझर पॉइंटरने कळतं. अंधारात आरशावर ठिपका टाका. मध्यावर ठिपका जवळजवळ दिसत नाही आणि कडेजवळ धुरकट चमकतो, म्हणजे कडेला अजून बारीक खड्डे आहेत.

सुरीची परीक्षा

१८५८ च्या सुमारास लेआँ फूको या फ्रेंच शास्त्रज्ञाने आरशाचा आकार तपासायची ही युक्ती काढली, आणि तिला लागतं काय, तर एक एलईडी, दाढीची दोन पाती आणि मिलिमीटरमध्ये मागे-पुढे सरकणारी एक घोडी. एका पात्याने बारीक फट, दुसरं पातं म्हणजे सुरी. हे सगळं आरशापासून २.४ मीटरवर. आमच्या जुन्या घरात माजघरापासून ओसरीपर्यंत बरोबर एवढं अंतर मिळतं. पंखा बंद, दारं बंद. पॉलिशनंतर किमान तासभर आरसा शांत राहू द्या.

परतणारा प्रकाश सुरीने हळूहळू कापायचा आणि आरशाकडे बघायचं. सुरी वक्रतेच्या केंद्राच्या अलीकडे, आरशाच्या बाजूला असेल तर सावली सुरीच्याच दिशेने सरकते, पलीकडे असेल तर उलट. नेमक्या जागी गोलीय आरसा एकदम, सगळीकडे सारखा करडा होतो. पॅराबोला, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश एका बिंदूत आणणारा, गोलापेक्षा मध्यावर किंचित खोल आकार असेल तर फुगलेल्या मेदूवड्यासारखं काहीतरी दिसतं.

पहिल्यांदा हे पाहताना एक गंमत करा. आरशाच्या तोंडावर अंगठा दहा सेकंद टेकवा आणि परत बघा. जिथे अंगठा होता तिथे टेकडी उभी असते, सावलीसकट. अंगठ्याच्या उबेने काच तेवढीच फुगलेली असते आणि ती टेकडी विरायला काही मिनिटं जातात. पॉलिश झाल्या झाल्या का तपासायचं नाही, हे मला त्या टेकडीने पटवलं.

नवख्यांच्या हातून सगळ्यात जास्त बिघडते ती कड. तपासताना दोन्ही बाजूंना केसाएवढी तेजस्वी रेषा सारखी दिसली तर कड ठीक. एकीकडे जाड आणि दुसरीकडे गायब असेल तर ती खाली वळलीय. कारणं ठरलेली: पिच मऊ, हात लांब, बोटांचा दाब कडेवर, किंवा बैठकीआधी दाबून न ठेवणं. उपाय म्हणजे यातलं जे चुकलंय ते सुधारून, छोट्या हातांनी सगळा पृष्ठभाग पुन्हा खाली आणणं. फक्त कडेलाच काहीतरी करून ती वर येत नाही, काच परत चिकटत नसते. मध्यभागी खड्डा दिसला तर आरसा खाली, लॅप वर, हात आखूड. कडी दिसल्या तर चर पुन्हा पाडा आणि बाजूची सरक दर फेरीला थोडी बदलती ठेवा.

पॅराबोला करायचा का?

आपल्या मापाचा आरसा नीट गोलीय झाला तरी तरंगातली चूक साधारण पाव तरंगलांबी येते. म्हणजे चालण्याच्या सीमेवर. शनीची कडी, गुरूचे पट्टे दिसतात. पहिला आरसा इथे थांबवलात तर कुणी हसणार नाही. पुढे जायचं असेल तर आरसा वर ठेवून, इंग्रजी डब्ल्यूच्या आकारात, व्यासाच्या दोन तृतीयांश लांब हात, फक्त पाच मिनिटं. मग दाबणं, थंड होऊ देणं, तपासणं. दिवा स्थिर ठेवून फक्त सुरी सरकवत असाल तर मध्य करडा होतो ती सुरीची जागा आणि कड करडी होते ती जागा यांत २.३४ मिलिमीटरचा फरक हवा. दिवा आणि सुरी एकत्र सरकत असतील तर निम्मा. पाच मिनिटांच्या कामाला दोन तासांची वाट, असा हा हिशोब आहे. पावसाळी संध्याकाळी तो जमतो.

अडलात तर शिकलेल्या हाताशेजारी एक दिवस उभे राहा. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत आरसे घासण्याच्या कार्यशाळा होत आल्या आहेत. हाताची लय आणि पिचचा कडकपणा शेजारी उभं राहून फार लवकर कळतो.

ॲल्युमिनियमचा थर बाहेरूनच, निर्वात यंत्रात करून घ्यावा लागतो. पाठवायची घाई नको. उघडी काच जेमतेम चार टक्के प्रकाश परत फेकते, पण चंद्राला तेवढा पुष्कळ होतो, उलट डोळे दिपत नाहीत. माझा आरसा ऑगस्टअखेर झाला. गणपतीत एका रात्री दीड तास उघडीप मिळाली, नळी अजून पुठ्ठ्याची होती, आणि गच्चीच्या कठड्याला टेकवून आईने त्या बिनथराच्या आरशात चंद्राची कड पाहिली. म्हणाली, "हे खड्डे आरशाचे नाहीत ना?"